मेलेला वाघ सरकारचा

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात बरीच वर्षं पोलीस पाटील राहिलेले मामाजी आणि चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणारी त्यांची भाची. ही दोन माणसं जशीच्या तशी कुठं सापडायची नाहीत. झाडीपट्टीत अशी पुष्कळ भेटतात, त्यांची बोलणी मी इथं एका ओसरीवर आणून बसवली आहेत. मामाजींनी आयुष्यभर पंचनाम्यांवर सह्या केल्या, भाची तसेच पंचनामे कोर्टात उलटेपालटे करून तपासते. कायदा दोघांनाही ठाऊक आहे.

मामाजी : मागच्या सालात माझा बैल दावं तोडून शेजाऱ्याच्या बांदीत शिरला. त्यानं धरला, कोंडवाड्यात नेऊन घातला. मी दंड भरला, चाऱ्यापाण्याचे पैसे भरले, वरून त्याचं बोलणंही ऐकून घेतलं. बरोबर हाये, बैल माझा. पण त्याच बांदीत रानडुकरं येतेत, चितळं येतेत, रोही येते. त्यांना कोणच्या कोंडवाड्यात न्यायचं?

भाची : तुमचा कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे मामाजी. गुरांनी पीक खाल्लं तर शेतकऱ्यानं ती धरावीत, २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावीत, तिथल्या माणसानं त्यांना चारापाणी द्यावं, मालकानं दंड आणि खर्च भरून सोडवून न्यावीत. फार सरळ कायदा आहे. पण त्याचा सगळा भार एका गोष्टीवर आहे. गुरं कुणाच्या तरी ताब्यात असतात. दावं तुम्ही बांधता, म्हणून सुटलं की जाब तुम्हाला.

मामाजी : आणि चितळाचं दावं?

भाची : कुणाच्याच हातात नाही. नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा, जुन्या दंडविधानात ते २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तिथंही ताबा आहेच. ताबा नाही तिथं पालक नाही, पालक नाही तिथं जबाबदारी नाही.

मामाजी : हे तुमचं कोर्टातलं झालं. गावात लहान पोट्ट्याला विचार, वाघ कुणाचा? सरकारचा म्हणून सांगते. वाघाला हात लावला तर सरकार येते, वाघ मेला तर सरकार येते, वाघाचे केस मोजायला सरकार येते. अन् वाघानं ढोर मारलं की मंग तो कुणाचाच नाही?

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दर आठवड्याला कुणी तरी कुणाला तरी विचारत असतो. बहुतेक वेळा उत्तर देणारा वनरक्षक असतो, आणि त्याच्या हातात पंचनाम्याच्या कोऱ्या कागदाशिवाय काही नसतं. भाचीकडे निदान कायद्याचं पुस्तक होतं.

भाची : तुम्ही चिडाल, पण तुमच्या पोट्ट्याचं उत्तर अर्धंच बरोबर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३९ नीट वाचा. सरकारची मालमत्ता कोणते प्राणी? परवानगीनं मारलेले, बेकायदा शिकार झालेले, चुकून मारले गेलेले, मेलेले सापडलेले आणि बंदिस्त ठेवलेले. जंगलात मोकळा हिंडणारा जिवंत वाघ त्या यादीत नाही. न्यायालयांनी निकालांत पुष्कळदा सगळ्याच वन्यप्राण्यांना सरकारची मालमत्ता म्हटलंय, ते खरं. पण कलमाची अक्षरं तशी नाहीत. कलम ११ मध्ये तर अशी सोय आहे की अंगावर आलेल्या वाघाला तुम्ही जीव वाचवायला मारलं, तर तो गुन्हा नाही. मात्र मेल्या क्षणापासून तो वाघ सरकारचा.

मामाजी : म्हणजे जिता हाये तोवर त्याचं देणं कुणावर नाही, अन् मेला की कातडं, नखं, मिशा सरकारजमा. सावकारही एवढी सोय करत नव्हता बाई.

भाची : ही आपल्या सरकारची युक्ती नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यापासून चालत आलेली गोष्ट आहे. मोकळा रानटी प्राणी कुणाचाच नसतो, धरला की धरणाऱ्याचा होतो. आणि एकदा धरून ठेवला की त्याच कायद्याची दुसरी बाजू फार कडक आहे. घरी सिंह पाळला आणि तो कुणाला चावला, तर 'मी काळजी घेतली होती' हे ऐकूनच घेत नाहीत. गाय, कुत्रा, बैल यांच्या मालकाला मात्र आधी विचारतात, याची मारकी खोड तुला माहीत होती का?

मामाजी : मंग सरकारला विचार की. वाघाची खोड माहीत नव्हती का?

इथं भाची हसली. पुढं जे तिनं मांडलं, ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत अवघड आणि कमी बोललं जाणारं वाटतं.

भाची : समजा उद्या उच्च न्यायालयानं म्हटलं, की वाघाचं मालक सरकार, आणि मालकाच्या नात्यानं त्यानं केलेल्या प्रत्येक नुकसानीचं पूर्ण देणं सरकारवर. मग सरकार काय करेल? मालक जे करतो तेच. दावं बांधेल. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातले दोनशेच्या वर एकट्या आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात असल्याचं सांगतात. यातले कितीतरी ताडोब्याच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीच्या जंगलात, शेताच्या धुऱ्याला लागून राहतात. देणं वाढलं की हे सगळे 'धोकादायक' ठरतील. राजुऱ्याचा आरटी-१ ऑक्टोबर २०२० मध्ये धरून नागपूरच्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात नेला. वडसा, भंडारा, ब्रह्मपुरीत मिळून तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेला सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये धरला, तोही गोरेवाड्याला गेला. त्या दोघांना धरणं मी समजू शकते. पण हिशोबाच्या वहीतून वाघ धरायला लागले तर पिंजरे पुरणार नाहीत. ज्या दिवशी वाघ खराखुरा सरकारचा होईल, त्या दिवशी तो जंगलाचा राहणार नाही.

मामाजी : अन् तो जंगलाचा राहावा म्हणून मरायचं कुणी? मे महिन्यात मेंढा-मालला काय झालं, तुला माहीत हाये.

माहीत सगळ्यांनाच होतं. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि तिघीही एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्याच आठवड्यांचा. पहाटे निघायचं, वाकून पानं तोडायची, घरी पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, द्यायचे. वर्षभराचा रोख पैसा त्यातच. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं वनखातं सांगतं. बायकांना ते ऐकून माहीत असतं, पण उभं राहून तेंदू तुटत नाही.

भाची : मामाजी, त्या बायका चोरून गेल्या नव्हत्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदू, मोह, बांबू गोळा करायचा हक्क गावाचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तोच हक्क पुढं नेऊन सामूहिक वनहक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू विकला, ते साऱ्या देशानं पाहिलं. म्हणजे त्यातली प्रत्येक बाई त्या जंगलात कायद्यानं होती. आणि वाघीणही तिथं कायद्यानंच होती. दोघींपैकी कुणीच घुसखोर नाही. 'जनावर कुणाच्या हद्दीत शिरलं' या एका प्रश्नावर उभा असलेला तुमचा कोंडवाड्याचा कायदा इथं काय करील?

मामाजी : काहीच नाही करणार. म्हणून तं म्हणून राहिलो, नवा कायदा पाहिजे. ताडोबा कोण होता सांग? तारू नावाचा गावचा मुखिया. वाघाशी झुंजून मेला, म्हणून लोकांनी त्याचा देव केला. त्या वेळी सरकार नव्हतं, २५ लाख नव्हते. आता देव करायची गरज नाही, पण माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यानं अर्ज करायचा, दाखले जोडायचे, वर ते पैसे म्हणजे सरकारची मेहेरबानी?

भाची : रक्कम कमी नाही. राज्यात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २५ लाख, त्यातले दहा लाख लगेच आणि बाकी मुदत ठेवीत. देशात फार थोड्या राज्यांत इतके देतात.

मामाजी : रकमेचं कोण बोलून राहिलं? माझा बैल शेजाऱ्याच्या बांदीत गेला तं मी देतो ते देणं असते. सरकार देते ते मदत असते. दोन्हीत फरक हाये का नाही? देणं मागताना मान खाली घालावी लागत नाही.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. २५ लाखांचा आकडा वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरात छापला जातो. पण ढोराचं प्रकरण पाहिलं की मामाजी काय म्हणतात ते जास्त स्पष्ट दिसतं. गाय, बैल किंवा म्हैस वाघानं मारली, तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम. शेळी-मेंढीला १५ हजारांची मर्यादा. ४८ तासांच्या आत कळवायचं. पंचनामा होईपर्यंत मढं जागचं हलवायचं नाही, म्हणजे वाघ त्यावर येऊन-जाऊन असतो आणि मालक बांधावरून पाहत असतो. आणि शेवटी बाजारभाव ठरवायचा. मामाजींचा म्हातारा बैल धुऱ्यावर वाघानं ओढला, त्याचा अर्ज अजून निघालेला नाही. अडलं ते याच रकान्यावर.

मामाजी : पंधरा वर्षांचा बैल. दात झिजलेले, नांगराला चालत नव्हता. पशुवैद्यकीचे डॉक्टर म्हणे, याची किंमत काय लिहू? मी म्हटलं, बाजारभाव लिहा. ते म्हणे, याला बाजार कुठं हाये? खरं बोलले. २०१५ च्या आधी असा बैल आठवडी बाजारात उभा केला की कुणी तरी घेऊन जाये, त्या पैशात थोडी भर घालून गोऱ्हा येये. मार्च २०१५ ला कायदा सुधारला, बैल कापला तं पाच वर्षं कैद अन् दहा हजार दंड. चांगलं झालं, नाही मारला. पण माझ्या दावणीला दोन भाकड, एक म्हातारा. पोसायचे कशावर? धानाची तणसही दोन बैलांनाच पुरत नाही.

भाची : म्हणून गावोगावी लोक रात्री सोडून देतात. हे मला सांगायची गरज नाही, रस्त्यावर गाडी चालवताना दिसतंच.

मामाजी : मी नाही सोडला. पण सोडणाऱ्याला शिव्याही नाही देत. जंगलाच्या कडेला सोडला की दोन-चार रात्रींत वाघ नेते. आता हिशोब कर. कसायाला विकला तं पाच वर्षं. वाघाला दिला तं ७० हजारांपर्यंत अर्ज. कोणत्या सरकारनं बैलाचं भलं केलं?

भाची : सोडणं हाही गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याचं कलम ११. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं म्हणजे क्रूरता. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याच्या सुखाची काळजी घ्यावी, हे कलम ३ सांगतं.

मामाजी : अन् शिक्षा?

भाची : पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये.

मामाजी यावर काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही उरतही नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकातून हा कायदा जन्मला. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे मजुराच्या खिशाला भार होता. ती रक्कम आजही तशीच आहे. २०२२ मध्ये केंद्रानं दंड वाढवायचा मसुदा लोकांपुढे ठेवला, पण कायद्यात आकडा बदललेला नाही. बैलाला तुतारीनं, म्हणजे टोकाला आर ठोकलेल्या काठीनं, रक्त येईतो टोचणाऱ्या गाडीवानाकडून पोलिसानं पन्नास रुपये घ्यायचे, की त्याला हात हलवून सोडून द्यायचं? पोलीस बहुधा दुसरं करतात, आणि मला त्यांचं आश्चर्य वाटत नाही.

भाची : पण त्याच बैलाला शंकरपटात, म्हणजे शर्यतीत आणा, मग बघा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. प्राण्याला भूक, तहान, भीती, वेदना यांतून मुक्त असण्याचा हक्क आहे, असं त्या निकालात म्हटलंय. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती दुरुस्ती मान्य केली. त्या दुरुस्तीत लिहिलंय, शर्यतीत बैलाला वेदना दिली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

मामाजी : म्हणजे नांगराला जुंपून मारला तं पन्नास रुपये, पटावर मारला तं पाच लाख. बैल तोच, आर तीच. पटाच्या बैलाला बदाम खाऊ घालतेत, लेकरावानी जपतेत. नांगराच्या बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी. तुमच्या कायद्याला बैलाचं अंग दुखलेलं नाही दिसत, कुणी पाहून राहिलं का ते दिसते.

भाची : हे मात्र तुम्ही वकिलासारखं बोललात.

मला वाटतं, मामाजी यापेक्षा थोडं जास्तच बोलले. आपले प्राण्यांविषयीचे कायदे एका वेळी, एका हेतूनं केलेले नाहीत. १८७१ चा कायदा पीक वाचवायला झाला, १९६० चा दयेपोटी, १९७२ चा शिकारीनं जंगलं ओस पडू लागली म्हणून, २०१५ चा राजकारण आणि श्रद्धा यांच्या मिश्रणातून. प्रत्येकानं आधी एकच विचारलं, हे जनावर कुणाचं? त्याला काय होतंय, हे कुणी विचारलंच तर सर्वांत शेवटी. त्यामुळे एकाच ओसरीसमोर बांधलेला बैल वेगवेगळ्या कायद्यांत वेगवेगळा प्राणी होऊन बसतो.

हत्तींच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं, कारण गडचिरोलीत एकाच वेळी दोन तऱ्हेचे हत्ती आहेत. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचे हत्ती वनखात्याचे. आलापल्लीच्या जंगलातले सागवानाचे ओंडके ओढण्यासाठी ते ठेवले गेले, पुढे यंत्रं आली आणि हत्तींना काम उरलं नाही. राज्यातला हा एकमेव शासकीय हत्तीकॅम्प. हिवाळ्यात त्यांना काही दिवस रजा मिळते, त्या दिवसांत जडीबुटींचा गरम लेप करून त्यांचे तळपाय शेकतात. त्याला माहूत 'चोपिंग' म्हणतात. आणि ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडकडून धानोऱ्यामार्गे उतरलेला रानटी कळप आहे, ज्याला कुणी माहूत नाही. त्यानं धानाच्या बांद्या तुडवल्या, झोपड्या पाडल्या, साठवलेला मोह खाल्ला, माणसंही मारली.

भाची : बघा मामाजी, इथं पालकाचा कायदा लागतो. मे २०२० मध्ये ताडोब्यातल्या गजराज नावाच्या पाळीव हत्तीनं वनखात्याच्याच मुख्य लेखापालाचा जीव घेतला. त्याआधी त्यानं एका माहुताला मारलं होतं. हत्ती साखळीचा, साखळी सरकारची, आणि खोड आधीपासून माहीत. तुमच्या बैलाला जो नियम, तोच इथं सरकारला. इथं कुणी 'सानुग्रह मदत' म्हणायचं कारण नाही.

मामाजी : अन् धानोऱ्याच्या कळपानं माणूस मारला तं पुन्हा अर्ज.

भाची : हो.

मामाजी : हत्ती तोच. मरणारा माणूस तोच. फक्त साखळी नाही.

भाची : साखळीचाच फरक आहे, आणि तो खरा आहे. ज्यानं साखळी घातली त्यानं हत्तीचं स्वातंत्र्य घेतलं, म्हणून त्याच्या वागण्याचं ओझंही घेतलं.

मामाजी : मंग २०२२ मध्ये काय झालं? ताडोब्याचे, पातानीलचे हत्ती गाड्यांत चढवून गुजरातला जामनगरला नेले. कमलापूरचेही नेणार होते, लोक रस्त्यावर आले म्हणून थांबलं. लोक म्हणत होते, हे आमचे हत्ती. सरकार म्हणे, आमचे. म्हातारे झाले, त्यांची सोय तिथं चांगली होईल. हत्तीला कुणी विचारलं?

भाची : हत्तीला विचारायची सोय कायद्यात नाही. पण सोय चांगली कुठं, हा प्रश्न मी एकदम झटकणार नाही. पशुवैद्य, औषध, माणसं, यातलं सगळं कमलापुरात पुरेसं होतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

मामाजी : मंग ते कमलापुरातच आणायचं. ज्याचा मालक त्याचा खर्च, हे तूच सांगितलं ना? मालकानं खर्च जड झाला म्हणून ढोर दुसऱ्याच्या दारात बांधलं, तं गावात त्याला काय म्हणतेत, तुला माहीत हाये.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामाजींच्या बाजूचा आहे. साखळीचा हत्ती ही सरकारनं स्वतः घेतलेली जबाबदारी होती. काम होतं तोवर ती वाहिली, काम संपल्यावर ती इतरांकडे सोपवण्याचा मार्ग शोधला. नेणाऱ्यांची सोय उत्तम असेलही. पण नांगराला न चालणाऱ्या बैलाच्या मालकावर कायदा जी सक्ती करतो, तिच्यातून सरकार स्वतःला इतक्या सहज कसं सोडवून घेतं?

पालकाचं निघालं तसा हेमलकशाचा विषय भाचीनंच काढला. डिसेंबर १९७३ मध्ये तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि काही वर्षांतच प्रकाश आमट्यांकडे माडिया लोकांच्या शिकारीतून उरलेली पिल्लं येऊ लागली. तेव्हा प्राणिसंग्रहालयाचा कायदाच नव्हता. वन्यजीव कायद्यात त्याचं प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीनं आलं आणि केंद्रीय प्राधिकरण १९९२ मध्ये झालं.

भाची : म्हणजे पालक आधी होता, कायदा मागून आला. मला ते पटतं. पण मागून आलेला कायदा म्हणतो, जंगली प्राण्याला हात लावू नका, खेळवू नका, त्यालाही मी नावं ठेवणार नाही. सगळेच पालक आमटे नसतात. बिबट्याचं पिल्लू फोटोसाठी मांडीवर घेणारे दहा निघतील.

मामाजी : निघतील. आपल्याच तालुक्यात निघतील.

इतका वेळ भांडणारी ही दोन माणसं इथं पहिल्यांदा एकमतावर आली. ते फार टिकलं नाही, कारण मामाजींनी शेजाऱ्याच्या तारेचा विषय काढला. रानडुकरांसाठी रात्री कुंपणाला करंट सोडणारी शेतं या भागात आहेत. सौर झटका यंत्र अनुदानात मिळतं, तरी सगळ्यांना मिळत नाही आणि ज्यांना मिळालं त्यांचं कधी तरी बंद पडतं. मग कुणी तरी खांबावरून थेट वायर ओढतो.

भाची : त्याला आज रात्रीच काढायला सांगा. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ अडकून मेला तर किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं. पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे, 'मला वाघ मारायचा नव्हता' हे कुणी ऐकत नाही.

मामाजी : अन् त्याच तारेत रोवणीला जाणारा मजूर मेला तं?

भाची : पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलम लावतात, ते टिकलं तर दहा वर्षांपर्यंत. बचाव पक्षानं ते निष्काळजीपणावर आणलं, तर पाच वर्षांपर्यंत. आणि किमान शिक्षा दोन्हीकडे नाही.

मामाजी : वाघाला किमान हाये, मजुराला नाही.

भाची : हो. कारण वाघ मारणारा नुसत्या दंडावर सुटू नये म्हणून संसदेनं मुद्दाम तसं लिहिलं. मजुराच्या बाबतीत न्यायाधीशावर विश्वास ठेवला. मी दोन्ही प्रकारचे खटले पाहिलेत, तो विश्वास नेहमी फळाला येतोच असं नाही.

चहा आला. मामाजींनी कपातला चहा बशीत ओतला आणि भाचीनं ज्याची तयारी केली नव्हती तिथं वाद नेला.

मामाजी : तू म्हणतेस वाघ सरकारचा झाला तं जंगलाचा राहणार नाही. ठीक हाये, मान्य. मालक नको म्हणू. पण ताडोब्याचं तिकीट कोण घेते? सकाळी सहाला जिप्सी सुटते, वाघ दाखवायचे पैसे. वाघ कुणाचाच नाही तं त्याचे पैसे कुणाचे?

भाची : त्याचं उत्तर कायद्यात आहे. कलम ३८-एक्स. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला एक व्याघ्र संरक्षण प्रतिष्ठान असतं, पर्यटनाचं उत्पन्न त्यात येतं, त्यातून संरक्षण आणि गावांचा विकास व्हायचा. ताडोब्याचं आहे.

मामाजी : गावं कोणती? मोहर्ली, कोलारा, जिथं गेट हाये ती. तिथल्या पोट्ट्यांना गाईडचं काम भेटते, होमस्टे निघाले, चांगलं झालं. आमच्या गावाला गेट नाही. आजूबाजूच्या कितीतरी गावांना नाही. आमच्याकडं वाघ फुकट राहतो. ताडोब्यात जागा पुरत नाही म्हणून जवान वाघ आमच्याकडं येतेत, पिल्लं इथं वाढतेत, अन् तिकीट तिकडं फाटते.

भाची : थांबा. ही वेगळी गोष्ट आहे.

भाचीनं वही उघडली. ओसरीवरच्या वादात वकील वही उघडतो तेव्हा समोरच्याच्या बोलण्यात त्याला युक्तिवाद दिसलेला असतो. ज्याला लाभ त्यालाच भार, हे जबाबदारीच्या कायद्याचं फार जुनं तत्त्व आहे, ताब्याच्या तत्त्वाइतकंच जुनं. आणि त्याला मालकी लागत नाही. वाघाला दावं न बांधताही त्याच्यापासून मिळणाऱ्या पैशाला दावं बांधता येतं. सरकारला वाघाचं मालक ठरवण्यापेक्षा त्याचं उत्पन्न घेणाऱ्यानं त्याचं नुकसान वाटून घ्यावं, असं म्हणणं जंगलालाही परवडतं. मात्र यात एक अडचण आहे, ती भाचीनंच सांगितली.

भाची : ताडोब्याचं प्रतिष्ठान म्हणेल, तुमच्या बैलाला मारणारा वाघ आमचा नव्हता, ब्रह्मपुरी वनविभागाचा होता. त्याचे पट्टे आमच्या कॅमेऱ्यात नाहीत.

मामाजी : म्हणजे वाघाचा जन्मदाखला मी आणायचा?

भाची : तसा प्रश्न विचारतील खरा. पण मी तो अर्ज वाघाच्या नावानं लिहिणारच नाही, जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या नावानं लिहीन. नुकसानीचा हक्क म्हणून, मदत म्हणून नाही. मुदत ठरलेली, उशीर झाला तर व्याज, आणि गेट असो वा नसो. मंजूर होईल असं नाही सांगत.

मामाजी : लिही मग.

भाची : बैलाच्या किमतीचा रकाना तसाच आहे. किती लिहू?

मामाजी : ज्याला कसायाकडं विकायचीच बंदी हाये, त्याचा बाजारभाव किती लिहितेत, हे वकिलानं सांगायचं.